घोडं पेंड खातं ते इथे

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर एका घोडेवाल्यानं मला एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा दाखवला. झाकणावर उधळलेला काळा घोडा, खाली सोनेरी अक्षरांत 'प्रोबायोटिक', त्याखाली 'कोट्यवधी जिवंत जिवाणू'. किंमत दीड हजार रुपये. "मॅडम, याचं पोट सारखं धरायचं," खुंट्याला बांधलेल्या तांबड्या घोड्याकडे बोट दाखवत तो म्हणाला. "हे चालू केलं आणि बरा झाला." मी वैरणीचं विचारलं. वैरण खालून, नेरळकडून आणावी लागते, महाग पडते. म्हणून सकाळी एक पेंढी, रात्री एक पेंढी, आणि मधे दोनदा चंदी: भरडलेला मका, गव्हाचा कोंडा, मूठभर हरभरा. एका वेळेला किती? त्यानं तोबरा उघडून दाखवला. दोन किलो सहज असेल.

डब्याबद्दल मी काहीच बोलले नाही. कारण साधं होतं. मी पशुवैद्य आहे, घोड्यांचं काम वीस वर्षांहून जास्त करते आहे, आणि त्याच्या दोनच आठवडे आधी पुण्याजवळच्या एका पागेत मी स्वतः असलीच पावडर चिठ्ठीवर लिहून दिली होती. घोडी जुलाबातून उठली होती, मालक 'अजून काहीतरी द्या' म्हणत होते, आणि 'अजून काही नको, चांगलं गवत द्या' म्हटलं की फी घेताना हात जड होतो. त्या चिठ्ठीत माझा आळस होता आणि थोडी भीडही होती.

घोड्यांसाठी विकली जाणारी प्रोबायोटिक्स पूर्णपणे निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. त्यांतली एक-दोन कामाची असू शकतात, त्यावर पुढे येतेच. माझी तक्रार वेगळी आहे. ही पावडर बहुतेक वेळा घोड्याच्या पोटासाठी नसतेच, आपल्या मनासाठी असते. आपण खायला घालण्यात जी चूक करतो ती तशीच चालू ठेवायची मुभा म्हणून तो डबा विकत घेतला जातो. आणि डबा विकणाऱ्याला आपण कधीच विचारत नाही, की बाबा, यात काय आहे आणि ते काम करतं हे तुला कुठून कळलं?

घोड्याचं पोट म्हणजे निसर्गाची एक अजब मांडणी आहे. एवढ्या चारशे-साडेचारशे किलोच्या जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत राहतं, घोडा खात असो वा नसो. ते आम्ल शांत करणारी लाळ मात्र फक्त चावताना सुटते. म्हणजे घोडा हे दिवसाचे पंधरा-सोळा तास हळूहळू चरण्यासाठी घडलेलं जनावर. त्याला दोन वेळा जेवायला घालायचं ही आपली सोय. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच जायला हवं. वीस-पंचवीस मीटरच्या लहान आतड्यातून अन्न भराभर सरकतं, आणि मग येतो खरा कारखाना: सीकम नावाची तीसेक लिटरची पिशवी आणि तिच्यापुढचं प्रचंड मोठं आतडं. इथे अब्जावधी जिवाणू, बुरशी आणि एकपेशीय जीव गवतातला तंतू आंबवतात आणि त्यातून आम्लं तयार करतात, ज्यावर घोडा जगतो. गवतावर असलेल्या घोड्याची निम्म्याहून जास्त ऊर्जा या आंबवण्यातूनच येते. गाईचं आंबवण पोटाच्या सुरुवातीला, घोड्याचं शेवटी. फरक एवढाच, पण सगळं दुखणं त्यात आहे.

कारण लहान आतडं पिष्टमय पदार्थ एका बैठकीत थोडेच पचवू शकतं. आमच्या शास्त्रात आता सावध आकडा मानतात तो असा: घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे एका वेळेला साधारण एक ग्रॅम पिष्ट, जुन्या पुस्तकांत दोन ग्रॅमपर्यंत सूट होती. चारशे किलोच्या घोड्याला म्हणजे चारशे ग्रॅम पिष्ट. मक्यात ते साठ-सत्तर टक्के असतं. हिशेब केला तर एका वेळेला सहाशे ग्रॅमच्या आसपास मका. माथेरानचं तट्टू तर तीनशे किलोचंही नसतं. त्याच्या तोबऱ्यात दोन किलो चंदी पडली की उरलेलं पिष्ट न पचता थेट कारखान्यात कोसळतं. तिथे तंतू आंबवणारे सोशीक जिवाणू मागे पडतात आणि पिष्टावर ताव मारणारे भराभर वाढतात. ते काय तयार करतात? लॅक्टिक आम्ल. आतड्यातली आम्लता वाढते, चांगले जिवाणू मरतात, त्यांच्या शवांतून विषारी द्रव्यं रक्तात उतरतात, कधी पोटशूळ उठतो, कधी खुरांच्या आतला थर सुजून घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे झुकून उभा राहतो. तो उभा राहण्याचा प्रकार ज्यानं एकदा पाहिला तो विसरत नाही.

आता डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. लॅक्टोबॅसिलस अमुक, लॅक्टोबॅसिलस तमुक, एंटेरोकॉकस. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू! लॅक्टिक आम्लानं जेरीस आलेल्या आतड्याला आपण लॅक्टिक आम्लाचे कारागीर पुरवतो आहोत. माणसाच्या दह्याताकातून ही कल्पना आली आणि कुणी थांबून विचारलं नाही, की घोडा माणूस नाही. खेड्यात जुनी माणसं घोड्याचं पोट बिघडलं की ताक पाजायची. त्याचाही तर्क तोच, आणि मोठ्या घोड्याची दुधातली साखर पचवायची ताकद तशीही ओसरलेली असते. फक्त ताक फुकट होतं आणि त्याच्यावर सोनेरी अक्षरं नव्हती.

अन्न आणि कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 साली प्रोबायोटिकची जी व्याख्या केली तीच अजून प्रमाण मानली जाते: पुरेशा प्रमाणात दिल्यावर यजमानाच्या आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. तीन अटी आहेत त्यात. जिवंत हवेत, पुरेसे हवेत, आणि फायदा दिसायला हवा. पहिल्या दोन अटींतच बहुतेक डबे अडखळतात.

पुरेसे म्हणजे किती? घोड्याच्या मागच्या आतड्यात शंभर लिटरहून जास्त माल असतो, आणि अगदी हात राखून धरलं तरी दर मिलिलिटरला अब्जभर जिवाणू. म्हणजे एकावर चौदा शून्यं. डब्यातल्या चमचाभर पावडरीत, लेबल खरं मानलं तर, एकावर दहा शून्यं. दहा हजार वारकऱ्यांच्या दिंडीत एक परका माणूस शिरला, तर दिंडीची चाल तो बदलणार आहे की दिंडी त्याची? त्यातही हा परका जठराच्या आम्लातून आणि पित्तातून जिवंत निघाला तर. आणि पावडर बंद केली की थोड्याच दिवसांत तो लिदेबरोबर बाहेर पडलेला असतो. तिथे वस्ती करत नाही.

जिवंत आहेत का, हा प्रश्न तर आणखी अवघड. कॅनडातल्या ग्वेल्फ इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयातले स्कॉट वीज यांनी बाजारातली माणसांची आणि जनावरांची मिळून 13 प्रोबायोटिक्स आणून प्रयोगशाळेत तपासली. 2002 साली निष्कर्ष छापून आले: आतला माल लेबलाशी जुळला तो फक्त 2 डब्यांचा. काहींत जिवाणू फारच कमी, काहींत लिहिलेले नव्हतेच, भलतेच होते. काही लेबलांवर तर जिवाणूंची नावंच धड लिहिलेली नव्हती. नऊ वर्षांनी त्यांनी जनावरांसाठीची 25 उत्पादनं पुन्हा तपासली. लेबल नीट आणि मालही तितकाच, अशी किती निघाली? पुन्हा 2. हे कॅनडात, जिथे गोदामं थंड असतात. आपल्याकडे हाच डबा मे महिन्यात नंदुरबारच्या दुकानाच्या फळीवर, पत्र्याखाली, दोन महिने बसलेला असतो.

पण याच वीज यांची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती मी शिकाऊ डॉक्टरांना दरवर्षी सांगते. त्यांनी विचार केला, की बाहेरचे जिवाणू कशाला, घोड्याच्याच आतड्यातला चांगला जिवाणू शोधू. निरोगी घोड्यांच्या लिदेतून त्यांनी लॅक्टोबॅसिलस पेंटोससचा एक वाण निवडला, डब्ल्यूई 7 नावाचा. प्रयोगशाळेत त्यानं सगळ्या परीक्षा पास केल्या. आम्लात टिकला, पित्तात टिकला, साल्मोनेला आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्या दुष्ट जिवाणूंची वाढ त्यानं रोखली. कागदावर याच्याहून चांगला उमेदवार मिळणार नाही. मग 153 नवजात शिंगरांवर चाचणी झाली. काहींना हा जिवाणू, काहींना दिसायला तसंच पण जिवाणू नसलेलं औषध. जुलाब कमी होतील अशी अपेक्षा होती. झालं उलटं. जिवाणू दिलेल्या शिंगरांना जुलाब जास्त झाले, ती जास्त मलूल झाली, दूध पिईनाशी झाली, डॉक्टरला बोलवावं लागण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त निघालं. 2005 साली वीज यांनी हे सगळं स्वतःच्या नावानं छापलं. स्वतः निवडलेला, स्वतः वाढवलेला जिवाणू घातक निघाला हे जगाला सांगायला छाती लागते. एखाद्या कंपनीच्या फाइलीत हा निकाल आला असता तर तो तिथेच झोपला असता.

2015 साली 72 शिंगरांवर वेगळं मिश्रण वापरून पाहिल्याचं छापून आलं. एकूण जुलाबांत फरक नाही; पण डॉक्टरची गरज लागावी इतके जोराचे जुलाब पुन्हा जिवाणू दिलेल्यांतच जास्त. मी हे सांगते तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, "जपानमध्ये तर फायदा दिसला." खरं आहे. तिथल्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, शिंगरांवरच्या एका अभ्यासात लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियमच्या मिश्रणानं जुलाब कमी झाल्याचं 2014 साली छापून आलं. वाण वेगळे, मिश्रण वेगळं, निकाल वेगळा. माझा मुद्दा हाच आहे. 'प्रोबायोटिक' हे एका औषधाचं नाव नाही. 'गोळी' म्हणावं तितकाच त्या शब्दाला अर्थ आहे. एका वाणाचा पुरावा दुसऱ्या वाणाच्या डब्यावर चिकटवता येत नाही, आणि बाजारात नेमकं तेच चालतं.

"पण नुकसान तर नाही ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. वरच्या शिंगरांना विचारा. नवजात शिंगराला तर असली पावडर देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची सोय निसर्गानं केलेली असते, जरा किळसवाणी असली तरी: पहिल्या काही आठवड्यांत शिंगरू आईची ताजी लीद खातं. नवे मालक हे बघून घाबरतात, तोंडाला जाळी बांधतात. अहो, खाऊ द्या. त्याच्या आतड्यातली पेरणी चालली आहे, आणि ते बियाणं कुठल्याही डब्यापेक्षा अस्सल आहे. फक्त आईला जंताचं औषध वेळेवर मिळालेलं असावं.

या शिंगरांवरूनच अनुभवाच्या दाखल्यांबद्दल बोलायला हवं, कारण प्रोबायोटिकचा सगळा व्यापार अनुभवावर उभा आहे. शिंगरू साधारण पाच ते पंधरा दिवसांचं असताना त्याला पातळ लीद होते. घोडी व्याल्यावर पहिल्यांदा माजावर येते त्याच सुमाराला. शिंगरू हिंडतं, पितं, उड्या मारतं, नुसतं शेपटीखाली घाण. चार-सहा दिवसांत आपोआप थांबतं. मालक तिसऱ्या दिवशी पावडर आणतो, पाचव्या दिवशी लीद घट्ट होते, आणि पावडरीला एक भक्त मिळतो. मोठ्या घोड्यांच्या पोटशूळाचंही तसंच. बहुतेक प्रसंग साध्या उपचारानं किंवा थोडं फिरवल्यावर निवळतात. वाईटात वाईट अवस्था असताना आपण औषध सुरू करतो, आणि वाईटानंतर बरं यायचंच असतं. माझ्या स्वतःच्या डोळ्यांवर माझा याबाबतीत विश्वास नाही, मग घोडेवाल्याच्या का असावा?

आता दुसऱ्या बाजूचं प्रामाणिकपणे सांगते. यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस, ही या सगळ्यांत वेगळी जात. ती लॅक्टिक आम्लाच्या कारखान्यातली नाही. फ्रान्समध्ये 2002 साली छापलेल्या एका प्रयोगात घोड्यांना मुद्दाम जास्त पिष्टाचं खाणं दिलं. सोबत जिवंत यीस्ट दिलेल्यांच्या आतड्यात आम्लता कमी वाढली, लॅक्टिक आम्लही कमी. तंतूचं पचन किंचित सुधारल्याचेही काही अभ्यास आहेत, काहीच न सुधारल्याचेही आहेत. युरोपीय संघात यीस्टच्या काही विशिष्ट वाणांना घोड्यांच्या खाद्यात वापरायची परवानगी आहे, वाणाच्या नावानिशी. जुलाबांत म्हणाल तर 2005 साली अमेरिकेत 14 आजारी घोड्यांवर सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट वापरलं, जुलाब लवकर थांबले. सगळे खूश झाले. 2013 मध्ये प्रतिजैविकांमुळे आतडं सुजलेल्या 21 घोड्यांवर तेच करून पाहिलं, फरक दिसला नाही. चौदा आणि एकवीस! आमच्या क्षेत्रातले मोठे वाद एवढ्या घोड्यांवर लढले जातात. एखाद्या चांगल्या वरातीला याहून जास्त माणसं असतात. पोटशूळाच्या शस्त्रक्रियेनंतर साल्मोनेला रोखायला प्रोबायोटिक उपयोगी पडतं का, हेही 1997 साली तपासून झालं होतं. उपयोग दिसला नाही. पोटातली वाळू बाहेर काढायला एका मिश्रणाचा फायदा 2008 साली दिसला खरा, पण त्या मिश्रणात प्रोबायोटिकबरोबर इसबगोल होतं, आणि वाळूवर इसबगोल आम्ही पूर्वीपासून देतोच. श्रेय कुणाला?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांचं काम बघणारा माझा एक वर्गमित्र यावर माझ्याशी भांडतो. त्याचं म्हणणं असं, की शर्यतीच्या घोड्याला ओट द्यावेच लागतात, भरपूर द्यावे लागतात, दिवसभर चरायला सोडता येत नाही. मग यीस्टनं आम्लता पाच पैशांनी जरी कमी होत असेल तरी का देऊ नये? त्याच्या पागेत वैरण उत्तम, पाणी स्वच्छ, चंदी चार वेळांत वाटून, दात दर सहा महिन्यांनी कानशीनं घासून सपाट केलेले. सगळं करून झाल्यावर तो चमचाभर यीस्ट घालतो. त्याच्याशी मला वाद घालता येत नाही, आणि घालावासाही वाटत नाही. तिथे यीस्ट हा शेवटचा चमचा आहे. माथेरानमध्ये तो पहिला चमचा होतो.

घोडं पेंड खातं ते नेमकं इथे. ज्याच्याकडे सगळं आहे त्याला पावडरीचा झाला तर थोडा उपयोग, आणि तिची झळ लागत नाही. ज्याच्याकडे वैरणीला पैसे नाहीत त्यालाच ती सगळ्यात जोरात विकली जाते, आणि तिथेच ती सगळ्यात कमी उपयोगी. दीड हजाराच्या डब्यात त्या तांबड्या घोड्याची पंधरा दिवसांची वैरण आली असती. हा हिशेब माझा नाही, त्यानंच बोटांवर करून दाखवला. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या निदान दीड टक्का कोरडी वैरण हवी, तीनशे किलोच्या तट्टाला साडेचार किलो. दोन पेंढ्यांत तेवढी भरत नाही. उरलेली जागा मका भरतो, कारण मका हातात धरायला सोपा, साठवायला सोपा, आणि घोडा त्यावर तुटून पडतो. घोडा तुटून पडला की मालकाला वाटतं आपण त्याचे लाड करतो आहोत.

लाडांचा विषय निघाला म्हणून सारंगखेड्याचं सांगते. शहादा तालुक्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, देशभरातून मारवाडी, काठियावाडी घोडे येतात. विकायच्या घोड्याला आधी महिनाभर तूप, गूळ, दूध, बदाम, हरभऱ्याचा भिजवलेला घाट; कारण गिऱ्हाईक चमक बघतं. खरारा करून करून कातडी आरशासारखी केलेली असते. त्या चमकेखाली काय चाललं आहे हे मला रात्री तंबूतून बोलावणं आलं की कळतं. घाम फुटलेला, पोटाकडे वळून वळून बघणारा, जमिनीवर अंग टाकणारा घोडा. आणि त्याच्या खोगिराशेजारी तोच डबा. दिवसभर लगाम, घुंगरू, गोंडे विकणाऱ्या दुकानांच्या रांगेत तो मिळतो. विकणाऱ्याला जिवाणू म्हणजे काय हे विचारलं तर तो म्हणतो, "पावर."

विसाव्या पशुगणनेत, 2019 साली, देशात घोडे आणि तट्टू मिळून 3.4 लाख निघाले. आधीच्या, 2012 च्या गणनेपेक्षा 45.6 टक्क्यांनी कमी. सात वर्षांत जवळपास निम्मे. उरलेल्यांतले मोजके रेसकोर्सवर आणि स्टड फार्मवर. बाकीचे वरातीत, टांग्यात, वीटभट्टीवर, थंड हवेच्या ठिकाणी आपल्या पोरांना पाठीवर घेऊन. गाईम्हशींसाठी सल्ला देणारी यंत्रणा तरी आहे. दूध संघ खाद्याच्या पोत्यावर काय छापलं आहे ते बघतो. घोड्याचं दूध कुणी विकत घेत नाही, मांस कुणी खात नाही, म्हणून त्याच्या तोंडात काय जातं याची चौकशी करायला कुणाचा स्वार्थ गुंतलेला नाही.

मागणी फार मोठी नाही. माणसांच्या खाण्यातल्या प्रोबायोटिक्ससाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागानं 2011 सालीच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जिवाणूचं कूळ, जात आणि वाण लिहा; मुदत संपताना किती जिवंत असतील ते लिहा; किती प्रमाण, कशा तापमानात ठेवायचं ते लिहा; आरोग्याचा दावा करायचा तर पुरावा दाखवा. घोड्याच्या डब्याला हेच नियम लावा. 'पचनशक्ती वाढवते' असं छापायचं असेल तर कुठल्या घोड्यांवर, किती, कशाशी तुलना करून, हे मागितल्यावर देता आलं पाहिजे. नाही देता आलं तर दावा खोडा आणि 'पूरक खाद्य' म्हणून विका, माझी हरकत नाही. कंपन्या म्हणतील घोड्यांचा बाजार लहान आहे, चाचण्या परवडत नाहीत. डब्यावर सोनेरी अक्षरं परवडतात, कमिशन परवडतं.

पुण्यात याचा एक मासला आहे. घोड्यांच्या स्टड फार्मच्या आधारानं 1966 साली सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्याआधी फार्मवरचे घोडे, त्यांच्या रक्तातून धनुर्वाताचं प्रतिविष काढण्यासाठी, दुसऱ्यांना दिले जात, मग आपणच का करू नये असा तो विचार. आज तिथल्या कुठल्याही लशीला चाचण्यांच्या किती पायऱ्या चढाव्या लागतात हे आपण करोनाच्या काळात रोज टीव्हीवर पाहिलं. घोड्याच्या रक्तातून माणसासाठी काही काढायचं तर एवढी कसोटी, आणि घोड्याच्या तोंडात काही घालायचं तर एक गुळगुळीत लेबल पुरतं.

आमच्या व्यवसायालाही यातून सुटका नाही. चिठ्ठीवर प्रोबायोटिक लिहिताना वाणाचं नाव लिहायचं आणि 'हे कशासाठी' ते मालकाला तोंडानं सांगायचं, एवढी शिस्त मी गेल्या वर्षापासून स्वतःला लावली आहे. सांगता आलं नाही तर लिहायचं नाही. माझ्या चिठ्ठ्या त्यामुळे बऱ्याच आखूड झाल्या आहेत आणि दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. बाकी सांगण्यासारखं जे आहे त्यात काहीच नवं नाही: चंदी कमी आणि जास्त वेळांत, दोन पेंढ्यांच्या चार करून टांगा म्हणजे चघळणं चालू राहील, खाणं बदलायचं तर दहा-पंधरा दिवस घेऊन बदला, पाणी कायम समोर, बुरसटलेला कडबा फेका, दात दाखवा, वैरण जमिनीवर टाकू नका म्हणजे माती पोटात जाणार नाही. डबा यातल्या कशाचीच जागा घेत नाही.

दस्तुरी नाक्यावरच्या त्या घोडेवाल्याकडे मी दिवाळीनंतर पुन्हा गेले. या वेळी गप्प बसले नाही. एक वही घे म्हटलं, सहा आठवडे पावडर दे, सहा आठवडे बंद ठेव, बाकी काहीही बदलू नकोस, रोजची लीद आणि पोट लिहून ठेव. त्यानं वही घेतली, मुलीकडून सुबक रकानेही आखून घेतले. महिन्यानं फोन आला. "मॅडम, घोडा एकदम झकास. एकदाही पोट धरलं नाही. पावडर लागू पडली बघा." वैरणीचं काय, मी विचारलं. तर मी वैरणीचं विचारलं होतं म्हणून त्यानं मका अर्ध्यावर आणला होता आणि भावाच्या टेम्पोतून गवताच्या गंज्या भरून घेतल्या होत्या. म्हणजे प्रयोगाचं वाटोळं. मी हसून म्हटलं, "बरं, मग आता गवत पूर्वीसारखं कमी कर आणि नुसती पावडर चालू ठेव. पाहू काय होतं."

"असं कसं मॅडम," तो म्हणाला, "पावडरीवर घोडं जगतं का?"